जेन पावोल यांना मेजर लीगपर्यंत पोहोचायला नऊ वर्षे का लागली?

नमस्कार. 9 ऑगस्ट 2025 रोजी अटलांटा येथे ब्रेव्ह्ज आणि मार्लिन्स या संघांच्या सामन्यात जेन पावोल पहिल्या बेसजवळ (बेस म्हणजे धावपटूने गाठायचे ठिकाण) अंपायर म्हणून उभ्या राहिल्या, आणि मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या नियमित हंगामात पंचगिरी करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी होम प्लेटमागची, म्हणजे फलंदाज जिथे उभा राहतो त्या पाटीमागची, जबाबदारीही सांभाळली. मात्र त्यांचा पहिला व्यावसायिक सामना 2016 सालचा होता. मधली नऊ वर्षे कुठे गेली, हे पाहिले की या पेशाची खरी घडण लक्षात येते.

पावोल मूळच्या न्यू जर्सीच्या. हॉफस्ट्रा विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघात त्या कॅचर होत्या. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू पाहण्याची ती सवय त्यांना पुढे उपयोगी पडली असणार, असे मला वाटते. निवड शिबिर आणि प्रशिक्षण पार केल्यावर प्रत्येक अंपायरला मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या व्यावसायिक स्पर्धांच्या, तळापासून सुरुवात करावी लागते. सिंगल ए, डबल ए, ट्रिपल ए अशा पायऱ्या चढाव्या लागतात आणि वरची जागा रिकामी झाल्याशिवाय बढती मिळत नाही.

खालच्या पायऱ्यांवर सामन्याला दोनच अंपायर असतात, आणि खरे शिक्षण तिथेच होते. समजा, पहिल्या बेसवर एक धावपटू आहे आणि फटका दूर मैदानात गेला. बेसवरचा अंपायर आतल्या बाजूला धावत जाऊन फलंदाजाकडे लक्ष देतो. त्याच वेळी प्लेटमागचा अंपायर डाव्या हाताने मुखवटा उतरवतो आणि तिसऱ्या बेसच्या दिशेने धाव घेतो, कारण पुढचा निर्णय तिथे द्यावा लागण्याची शक्यता असते. चेंडू, धावपटू आणि बेस यांचा मेळ नजरेत राहील असा कोन त्याला धावतानाच शोधावा लागतो.

प्लेटमागचे काम तर याहून कठीण आहे. होम प्लेट 17 इंच रुंद असते, आणि ताशी 150 किलोमीटर वेगाचा चेंडू पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातातून तिथवर साधारण 0.4 सेकंदात येतो. फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर तो स्ट्राइक (प्लेटवरून, फलंदाजाच्या टप्प्यातून गेलेला चेंडू) होता की बॉल (त्या टप्प्याबाहेरचा), हे त्याच क्षणी सांगावे लागते. एका सामन्यात असे निर्णय शंभराहून अधिक असतात.

आता जागांचा हिशेब. मेजर लीगमध्ये चौघांची एक अशा 19 तुकड्या, म्हणजे 76 कायम अंपायर. ही मंडळी दशकानुदशके काम करतात. अंपायर जो वेस्ट 2021 च्या हंगामानंतर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर 5,460 सामने होते. त्यामुळे ट्रिपल एमध्ये पोहोचलेल्या गुणी अंपायरलाही कुणाच्या आजारपणात किंवा रजेच्या काळात बदली म्हणून बोलावणे येण्याची वाट पाहावी लागते. अटलांटातही पावोल बदली अंपायर म्हणूनच आल्या होत्या.

स्त्रियांच्या बाबतीत अडसर केवळ जागांचा नव्हता. बर्निस गेरा यांनी मायनर लीगमध्ये अंपायर म्हणून उभे राहण्याचा हक्क न्यायालयीन लढाईतून मिळवला, आणि 1972 साली न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथे एकच सामना करून त्या बाहेर पडल्या. पॅम पोस्टेमा यांनी अंपायर म्हणून मायनर लीगमध्ये 13 हंगाम काढले, ट्रिपल एपर्यंत मजल मारली, तरी 1989 नंतर त्यांना काढून टाकण्यात आले. पोस्टेमा यांच्यावर अन्याय झाला, असेच माझे स्पष्ट मत आहे.

2026 च्या हंगामापासून पिचर, कॅचर किंवा फलंदाज यांना स्ट्राइक आणि बॉलच्या निर्णयाला आव्हान देता येते, आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा त्यावर निकाल देते. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन आव्हाने मिळतात. आव्हान बरोबर ठरले तर ते शिल्लक राहते. याचा अर्थ अंपायरची गरज संपली असा नाही, कारण आव्हान न दिलेला प्रत्येक चेंडू अजूनही त्याच्याच निर्णयावर चालतो. फरक इतकाच, की चुकीचा निर्णय आता काही सेकंदांत संपूर्ण मैदानाला पडद्यावर दिसतो, आणि त्यानंतरच्या चेंडूसाठी त्याच अंपायरला तितक्याच शांतपणे पुन्हा वाकून उभे राहावे लागते.