बंद फ्रिजातलं बियाणं

(दृश्य: शेतवस्ती. पडवीत चार विटांवर उभा जुना फ्रिज.)

या फ्रिजाचा कॉम्प्रेसर कधीच गेला. भंगारवाला वजनावर जे देईल ते घेऊन मोकळं होता आलं असतं. पण वस्तीवरच्या काकूंनी तो पडवीत आणून ठेवला. आज त्यात ज्वारी आहे, वाल आहे, दोडका-गवारीचं बी आहे, आणि पुढच्या खरिपासाठी निवडून ठेवलेलं थोडं सोयाबीन.

हे काम पूर्वी कणगी करायची. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत साठवली जायची. दोन्हींचा हेतू एकच, ओल आणि कीड बाहेर ठेवायची. फ्रिजालाही बाहेरून पत्रा, मधे फोम आणि दाराला चुंबकाची रबरी पट्टी असते. पोतं कुरतडणारा उंदीर पत्र्यापुढे हात टेकतो.

पट्टी चांगली आहे का, ते असं बघायचं. कागदाचा तुकडा दारात धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढायचा. सहज निसटला तर रबर सैल झालंय.

(दृश्य: फ्रिजाची मागची बाजू, तळाशी बोटाएवढं भोक.)

बर्फाचं पाणी निघून जायचं, ते हे भोक. बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, आणि मुंग्या-झुरळं नेमकी इथूनच शिरतात. काकूंनी त्यात भांडी घासायची तारेची घासणी गच्च कोंबली आणि वरून एम-सील थापलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हवाबंद कपाटात ओलं बी ठेवलं, तर ते तिथेच बुरसतं, कारण आतली ओल बाहेर पडायला वाटच नसते. प्रमाणित बियाण्याच्या निकषांत हा फरक स्पष्ट दिसतो. साध्या पोत्यातल्या सोयाबीनला 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, हवाबंद पिशवीत मात्र 7 टक्क्यांपर्यंतच. ज्वारीला हेच आकडे 12 आणि 8. म्हणून बी कोवळ्या उन्हात वाळवायचं, सावलीत पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच आत ठेवायचं. ओलावा एका टक्क्यानं उतरला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बीजशास्त्रातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे खरी राखण वाळवणीच करते. फोममुळे गारवा येत नाही, दुपार आणि पहाटेच्या तापमानातली तफावत तेवढी आत कमी जाणवते. म्हणून फ्रिज सावलीतच हवा.

(दृश्य: दाराला बाहेरून कडी-कोयंडा आणि कुलूप.)

हे कुलूप उंदरासाठी नाही, लेकरांसाठी आहे. लपाछपी खेळताना मुलं अशा फ्रिजांत अडकून गुदमरली आहेत. अमेरिकेत तर 1956 साली कायदाच झाला, की फ्रिजाचं दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. चुंबकाच्या पट्टीचं दार असं ढकलून उघडतं, तरीही तिच्यावर भरवसा ठेवू नका. कुलूप लावा, नाहीतर दारच काढून टाका आणि त्या फ्रिजाचा दुसरा काही उपयोग शोधा.

मागच्या नळ्या घरी कापू नका. बऱ्याच नव्या फ्रिजांच्या नळ्यांत आयसोब्युटेन नावाचा वायू असतो, तो पेट घेतो. जुन्यांतला वायू ओझोनच्या थराला घातक. तो मेकॅनिककडूनच काढून घ्यावा.

(दृश्य: आढ्याला टांगलेला वॉशिंग मशीनचा जाळीदार ड्रम.)

कांदा-लसणाला मात्र फ्रिज बिलकूल नको. त्यांना वारा लागतो. हा स्टीलचा ड्रम त्यासाठीच टांगलाय, सगळीकडून भोकं असल्यामुळे हवा खेळती राहते.

(दृश्य: ओल्या गोणपाटावर ओळीत मांडलेले सोयाबीनचे दाणे.)

मे महिन्यात कुलूप निघतं. काकू शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात, सावलीत ठेवतात, गोणपाट सुकू देत नाहीत. आठवड्याभरात सत्तर किंवा त्याहून जास्त कोंब धड निघाले तर बी पेरणीला घ्यायचं. थोडे कमी भरले तर एकरी बियाणं वाढवायचं. निम्मेही उगवले नाहीत तर पाऊस पडायच्या आत दुसरीकडून बियाणं बघायचं.