पासवर्ड बदलायची घाई नको

श्रोतेहो, नमस्कार.

फोन तापतोय, बॅटरी दुपारीच मान टाकतेय, आणि आपण कुणाला न सांगितलेली गोष्ट भलत्याच माणसाला ठाऊक आहे. मनात पाल चुकचुकते. मग बहुतेक जण त्याच फोनवरून धडाधड सगळे पासवर्ड बदलतात. नेमकं तेच आधी करू नका. फोनवर खरंच कुणाची पाळत असेल, तर नवा पासवर्ड टाइप करता करताच त्याच्या हाती पडू शकतो.

तापलेल्या फोनवरून तसं काही सिद्ध होत नाही, म्हातारी बॅटरीही तशीच वागते. मी जास्त वजन देईन ते ‘याला हे कळलं कसं?’ या प्रश्नाला.

पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 2016 मध्ये ते उघडकीला आलं, आणि 2019 मध्ये व्हॉट्सॲप कॉलच्या वाटेनं ते सुमारे 1400 जणांवर सोडलं गेलं. कॉल उचलायचीही गरज नव्हती. पण ते सरकारांना विकलं जाणारं महागडं हत्यार. साध्या माणसाच्या फोनवरची पाळत बहुधा फार घरगुती असते. कुणीतरी उघडा फोन पाच मिनिटं हातात घेतलेला असतो, बस्स.

पुष्कळदा तर ॲपही लागत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. तिथे विंडोजच्या संगणकाची ओळ दिसतेय आणि तुमच्याकडे तर विंडोजचा संगणकच नाही? मग तुमचे निरोप दुसरीकडेही वाचले जाताहेत. ईमेल खात्यातही अशीच यादी असते. अँड्रॉइडवर ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे अपंगांना फोन वापरता यावा म्हणून असलेल्या सोयीची, परवानगी कुणाकुणाला दिलीय ते पाहा. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकतं. ‘सिस्टम सर्व्हिस’सारखं गुळगुळीत नाव घेऊन एखादं तिथे बसलेलं असेल, तर संशय घ्या.

राउटरकडे, म्हणजे घरात वायफाय देणाऱ्या डब्याकडे, मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सोय. तीच बदलली, की तुम्ही बँकेचं नाव टाइप करता आणि पोचता भलतीकडे. डीएनएसचेंजर नावाच्या टोळधाडीनं हेच केलं. 2011 मध्ये ती पकडली गेली तेव्हा जगभरातले 40 लाखांवर संगणक तिच्या तावडीत होते. राउटर फॅक्टरी रीसेट करा, फर्मवेअर म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर ताजं करा, ॲडमिनचा म्हणजे राउटरच्या सेटिंग्जचा पासवर्ड बदला आणि रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून त्या सेटिंग्ज बदलायची सोय, बंद ठेवा. वायफायचा पासवर्ड वेगळा, ॲडमिनचा वेगळा. इथेच लोक फसतात.

आता पासवर्ड. संशय नसलेल्या दुसऱ्या यंत्रावरून आधी ईमेलचा बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या चाव्या तिथेच येतात. सगळीकडून लॉगआउट करा, टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, सुरू करा. मग फोन रीसेट करा आणि जुन्या बॅकअपमधून ॲप्स परत ओढू नका.

पण थांबा. पाळत ठेवणारा तुमच्याच घरातला असेल, तर यातलं काहीही एकदम करू नका. माहिती येणं बंद झालं की त्याला कळतं, आणि तो बिथरू शकतो. पुरावाही पुसला जातो. तेव्हा आधी दुसऱ्या फोननं पडद्याचे फोटो काढा आणि मदतीसाठी बोलायचं तेही त्या दुसऱ्याच फोनवरून. संशयातला फोन तोवर रोजच्यासारखाच वापरत राहा.