चेलो वाजवणारी मुलगी

नमस्कार श्रोतेहो.

१६ एप्रिल १९४५. जर्मनीतली बेर्गन-बेल्सन छळछावणी ब्रिटिश फौजेनं आदल्याच दिवशी ताब्यात घेतली होती. बीबीसीच्या माइकसमोर एकोणीस वर्षांची एक मुलगी जर्मनमधून बोलू लागली. आउशवित्झ या नाझी छळछावणीतून वाचलेल्या आम्हा थोड्या जणांना भीती वाटते, ती म्हणाली, की तिथं जे घडलं ते जगाला खरं वाटणार नाही.

ही अनिता लास्कर, ब्रेस्लाऊच्या ज्यू कुटुंबातली. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. वडील वकील, आई व्हायोलिन वाजवायची. १९४२च्या एप्रिलमध्ये नाझींनी आईवडिलांना नेलं, ते परतले नाहीत. अनिता आणि तिची बहीण रेनाटे कागदाच्या कारखान्यात राबत होत्या. फ्रेंच युद्धकैद्यांना पळून जाता यावं म्हणून त्या खोटी कागदपत्रं करून देत. पुढे स्वतःच तशा कागदांवर निघाल्या आणि स्टेशनातच पकडल्या गेल्या.

त्या तुरुंगवासानंच तिला तारलं. शिक्षा झालेली कैदी म्हणून १९४३च्या डिसेंबरात ती आउशवित्झला आली, त्यामुळे कोणाला जगू द्यायचं नि कोणाला गॅसच्या कोठडीत धाडायचं, ही फलाटावरची निवड तिच्या वाट्याला आली नाही. केस भादरले, हातावर ६९३८८ गोंदलं. एका कैदी मुलीनं विचारलं, आधी काय करायचीस? "चेलो वाजवायचे." चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य. छावणीतल्या बायकांच्या वाद्यवृंदाला नेमकी चेलोवादक हवी होती.

आल्मा रोझे त्याची प्रमुख. सकाळी कामाला निघालेल्या, संध्याकाळी पाय ओढत परतणाऱ्या रांगांसाठी या मुली मार्च वाजवत. कैद्यांवर क्रूर प्रयोग करणारा छावणीतला डॉक्टर मेंगेले आला, त्याला जर्मन संगीतकार शूमान ऐकायचा होता. अनितानं वाजवला.

रेनाटे नंतर आली. आल्यावर तिला एका मुलीच्या पायात अनिताचे बूट दिसले. ते ओळखून तिनं विचारलं, आणि बहिणी भेटल्या. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी थांबावं लागतं.

पुढे अनिताला आउशवित्झहून बेर्गन-बेल्सनला हलवलं, तिथंच तिची सुटका झाली. १९४६ साली ती इंग्लंडला गेली, इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापक वादकांपैकी एक झाली, पियानोवादक पीटर वॉलफिश यांच्याशी तिनं लग्न केलं. तिथं तिला कोणी काही विचारलंच नाही, म्हणून तीही बोलली नाही. पुष्कळ वर्षांनी तिनं मुलांसाठी सगळं लिहून काढलं. जर्मनीत पाऊल ठेवायचं नाही, हा निश्चय तिनं कित्येक दशकं पाळला.

३१ जानेवारी २०१८ रोजी जर्मन संसदेत, ९२ वर्षांची अनिता माइकसमोर बोलत होती. भाषा तीच, जर्मन.