शिक्का कुणाचा, तपासणी कुणाची?

नमस्कार श्रोतेहो. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं, खेळणी घेताना आपण रंग बघतो, घासाघीस करतो. लाकूड कुठलं, ते विचारत नाही. आज तेवढंच विचारूया.

आपल्याकडच्या आरागिरणीत ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असतो, सोबत वाहतूक पास असतो. त्यातून एवढंच कळतं, की माल चोरीचा नाही. ज्या उतारावरचा ऐन-किंजळ तोडला तिथे पुन्हा काही वाढू दिलं का, खालच्या वाडीचा झरा टिकला का, तोडणाऱ्यांना रास्त मजुरी मिळाली का, हे पासावर नसतं. जंगल नीट राखून लाकूड काढलं, असं सांगणाऱ्या प्रमाणपत्राचं काम इथून पुढचं.

१९९३ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, या अशा प्रमाणपत्राचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं उदाहरण घ्या. तिथे नियम ठरवताना पर्यावरण, समाज आणि व्यापार या तिन्ही गटांच्या मतांना सारखंच वजन. जंगलाची तपासणी मात्र ती स्वतः करत नाही, त्रयस्थ संस्था करतात. प्रमाणपत्र ५ वर्षांचं, पण तपासनीस दरवर्षी येतो.

खरी गोम पुढच्या साखळीत आहे. जंगल, गिरणी, कारखाना, दुकान, दर वेळी माल हात बदलतो आणि दर वेळी नोंद लागते. गिरणीत शंभर घनफूट प्रमाणित लाकूड आलं आणि त्या नावावर दीडशे घनफूट फळ्या विकल्या गेल्या, तर शिक्का नुसता शोभेचा. भुसा, तुकडे वजा जाऊन हिशेब जुळायला हवा. मी तर म्हणेन, तपासनिसाने झाडांच्या आधी वह्या उघडाव्यात!

आणखी एक अडचण. तपासणीची फी तपासला जाणाराच भरतो. म्हणून तर अहवालाचा सारांश कुणालाही वाचता यायला हवा आणि चुकणाऱ्याचं प्रमाणपत्र खरोखर रद्द होताना दिसायला हवं.

डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारनेही स्वतःची वन आणि काष्ठ प्रमाणन योजना आणली. जंगलाबाहेरची झाडंही तिच्यात येतात. कोकणाला हे सोयीचं, कारण आपली बरीच झाडं खाजगी जमिनीत. पण दोन एकरवाल्याला एकट्याने तपासणीचा खर्च झेपणार नाही. एफएससीत अनेकांनी मिळून एकच गट-प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे, तसंच इथे हवं. सातबारावर भावकीची पंधरा नावं आणि निम्मी मंडळी मुंबईत, त्यांच्या सह्या गोळा करणं हे निराळंच प्रकरण!

आणि हो, एफएससीच्या लेबलावर परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो. लेबलावर ‘मिक्स’ लिहिलेलं असेल, तर सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलंच असेल असं नाही, दुकानदार काहीही सांगो.