चमत् असा आवाज

नमस्कार, श्रोतेहो. नमस्कार म्हटलं की मराठी कान लगेच त्याची जोडी शोधतो. ‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही’, असं आपण हिशेबी जगाबद्दल बोलताना म्हणतो. आधी काही करून दाखवा, मग मान लवेल. आज त्यातल्या चमत्काराबद्दल बोलायचं आहे.

रोजच्या बोलण्यात हा शब्द अगदी घरगुती आहे. किल्ली आत्ता टेबलावर ठेवली होती आणि आता नाही. ‘काय चमत्कार आहे बघा!’ यात देव नाही की भूत नाही, आहे ती नुसती चिडचिड. त्याचं ‘चमत्कारिक’ झालं की तो आणखीच खाली उतरतो. ‘मुलगा चांगला आहे हो, पण जरा चमत्कारिक आहे,’ एवढं कुणी कानात सांगितलं की ठरत आलेलं लग्न फिसकटतं. पण मला या शब्दाचं खरं काम दिसतं ते वेगळ्याच ठिकाणी. विचित्र गोष्टीवर बोट ठेवता येतं, विचित्र टोपी, विचित्र चाल. ‘त्या घरात पाऊल टाकलं आणि मला चमत्कारिकच वाटलं,’ असं म्हणणाऱ्याला मात्र विचारून बघा, नेमकं काय वाटलं? त्याला सांगता येणार नाही. येत असतं तर त्याने हा शब्द घेतलाच नसता.

शब्दाची घडण नमस्कारासारखीच. नमस् करणं तो नमस्कार, चमत् करणं तो चमत्कार. हुंकार, धिक्कार, हाहाकार हे सगळे त्याचे भाऊबंद. पण चमत् म्हणजे काय? संस्कृत काव्यशास्त्राचे अभ्यासक व्ही. राघवन यांचं म्हणणं असं की मुळात हा एक आवाज आहे. काही चटकदार चाखलं की जीभ टाळ्याला लागून निघतो ना, तो. म्हणजे हा शब्द घडलेल्या गोष्टीचा नव्हताच. ती अनुभवणाऱ्याच्या तोंडाचा होता! अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने कवितेतल्या चमत्काराचे दहा प्रकार सांगितले, त्यांचा जादूटोण्याशी काही संबंध नाही. (आज आपण कवितेला ‘चमत्कृतिपूर्ण’ म्हणतो ते बहुधा नाक मुरडूनच. असो.)

पुढे हा आवाज तोंडातून निघून घटनेवर जाऊन बसला. आता चमत्कार होतो, घडतो, किंवा कुणीतरी तो दाखवतो. ‘घडतो’ इथपर्यंत ठीक. ‘दाखवतो’ आलं की खिसा सांभाळावा. महाराष्ट्राच्या 2013 सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यातही हा शब्द एकटा येत नाही, ‘तथाकथित’चा हात धरून येतो. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना ठकवणं हा तिथे गुन्हा आहे.

21 सप्टेंबर 1995 अनेकांना आठवत असेल. देशभर गणपती दूध पितोय म्हणून रांगा लागल्या होत्या. मीही एका रांगेत होतो. माझी पाळी आली, काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवला, किंचित कलला असेल, आणि दूध डोळ्यांदेखत उतरू लागलं. क्षणभर मला काहीच सुचलं नाही. तेवढ्यात मागच्या बाईंनी विचारलं, ‘प्यायला का हो?’ मी म्हणालो, ‘हो, प्यायला.’

त्या दिवशी दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिलं. चमच्याच्या काठावर फुगून आलेलं दूध दगडाला लागलं की पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढरा ओघळ सहसा दिसत नाही, रंगीत दिसला. हे वाचल्यावर मला दुधापेक्षा माझं ‘हो’ जास्त खटकलं. मी पाहिलं होतं ते इतकंच, की चमच्यातलं दूध कमी झालं. ‘प्यायला’ हा शब्द बाईंचा होता, मी तो उचलला. आपल्याला वाटतं, स्पष्टीकरण सापडत नाही म्हणून माणूस चमत्कार म्हणतो. माझ्याबाबतीत तरी उलटं झालं. स्पष्टीकरण आयतं हातात होतं, चमत्कार हे त्याचं नाव होतं. नाव नसलेला तो आधीचा क्षण तेवढा खरा होता.

त्या क्षणी थांबलेला एक माणूस मला ठाऊक आहे. 15 ऑगस्ट 1977 ला अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ‘बिग इअर’ नावाच्या रेडिओ दुर्बिणीने आकाशातून आलेला एक जोरदार संकेत टिपला. 72 सेकंद, बस्स. काही दिवसांनी तिथले खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन छापील आकड्यांचे कागद तपासत बसले होते. एका उभ्या ओळीत सहा अक्षर-आकडे असे काही दिसले की त्यांनी लाल पेनने त्याभोवती रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘वॉव!’ परग्रहावरचे लोक असं लिहिलं नाही, यंत्रातला बिघाड असंही नाही. जिभेवर आलं ते कागदावर उतरवलं. त्या दिशेला पुन्हा पुन्हा दुर्बिणी लावल्या गेल्या, तो संकेत काही परत आला नाही. खुलासे बरेच मांडले गेले, सर्वांना पटलेला एकही नाही. खगोलशास्त्रात त्या संकेताचं नाव आजही ‘वॉव’ हेच आहे.

नमस्कार.