कार्ड संपण्याआधी पॉलिसी

नमस्कार श्रोतेहो.

आज मला आरोग्य विम्याबद्दल बोलायचंय ते आपल्या किनारपट्टीवरच्या फौजी घरांशी. वास्कोत दाबोळीच्या आसपास राहणारी नौदलाची कुटुंबं, कारवारच्या तळावरची माणसं, कुलाब्याचं नेव्हीनगर आणि नोकरी संपवून सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, गुहागरला आपापल्या घरी परतलेले माजी सैनिक. या घरांमध्ये दवाखान्याच्या खर्चाचा विषय सहसा निघतच नाही. नोकरीत असताना मुंबईला अश्विनी, वास्कोला जीवंती, कारवारला पतंजली ही नौदलाची रुग्णालयं असतात. पेन्शनीत आलं की ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड मिळतं. एप्रिल २००३ मध्ये ही योजना सुरू झाली. वर्गणी एकदाच भरायची. हवालदारापर्यंतच्या आणि त्यांच्या बरोबरीच्या दर्जांना ३० हजार, जेसीओंना, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर आणि त्यांच्या बरोबरीच्यांना ६७ हजार, अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार. त्यानंतर नवरा-बायकोला आयुष्यभर उपचार मिळतात. आधीपासूनचा आजार असला तरी अडत नाही, खर्चाला वरची मर्यादा नाही. बाजारातली कुठलीही पॉलिसी याच्या जवळपास येत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. ज्यांच्याकडे हे कार्ड आहे त्यांनी ते जपावं.

मला काळजी आहे ती त्याच घरातल्या, पण कार्डावर नाव नसलेल्या माणसांची.

मुलाचं नाव कार्डावर राहतं ते पंचविसाव्या वर्षापर्यंत. त्याआधी तो कमवायला लागला किंवा त्याचं लग्न झालं, तर तेव्हाच संपतं. मुलीला वयाची अट नाही, पण लग्न झालं किंवा नोकरी लागली की तिचंही नाव जातं. आईवडिलांचं उत्पन्न महिन्याला ९ हजार रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा जास्त असलं, तर ते अवलंबित धरले जात नाहीत. वडील स्वतः शिक्षक किंवा एसटीत होते, त्यांना थोडंफार पेन्शन आहे, अशी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत. सून तर सासऱ्याच्या कार्डावर कधीच नसते. म्हणजे सहा माणसांच्या घरात दोघांना पूर्ण छत्र आणि चौघांना काहीच नाही, असं सर्रास असतं. आणि घर मात्र समजतं की आपण फौजी, आपल्याला विम्याची काय गरज!

यात आता अग्निवीरांची, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या मुलांची भर पडते आहे. नौदलाची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर दाखल झाली. त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात. जास्तीत जास्त २५ टक्के मुलं पुढे कायम होतील, बाकीची घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. ४८ लाखांचा विमा असतो ना, असं पालक विचारतात. तो जीवन विमा आहे आणि सेवेत असेपर्यंतच आहे. घरी आल्यावर अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तर त्याचा उपयोग नाही. हातात सुमारे पावणेबारा लाखांची सेवानिधी, म्हणजे सेवा संपल्यावरची एकरकमी रक्कम येईल. त्यातून मोटरसायकल घ्या, धंद्याला भांडवल घाला, पण पहिली पावती आरोग्य विम्याची फाडा. बाविशी-तेविशीतल्या निरोगी मुलाला हप्ता कमी बसतो, तपासण्यांचा फारसा त्रास होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फौजेची आरोग्यसेवा किंवा ईसीएचएस ही विमा पॉलिसी नाही. एका कंपनीची पॉलिसी दुसरीकडे नेली तर आधीची वर्षं तुमच्या खात्यात धरतात, त्याला पोर्टेबिलिटी म्हणतात. फौजेच्या छत्राखाली काढलेली पंचवीस वर्षं मात्र अशी धरली जात नाहीत. कंपनीच्या लेखी तुम्ही नवे ग्राहक. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, गुडघ्याचा सांधा अशा ठरावीक उपचारांना आणि आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. पूर्वी आधीच्या आजारांसाठी हे चार वर्षांपर्यंत होतं, एप्रिल २०२४ पासून तीनवर आलं. हे घड्याळ सुरू होतं पॉलिसी निघाल्या दिवशी. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की, नाव कार्डावरून निघायची वाट बघू नका. मुलगा तेविसाचा झाला की पॉलिसी काढा. लेकीचं लग्न ठरलं की दागिन्यांच्या आधी तिची पॉलिसी काढा, बाळंतपणाची सोय असलेली. त्या सोयीलाही कुठे नऊ महिने, कुठे दोन-तीन वर्षं थांबावं लागतं आणि लग्नानंतर दीड वर्षात पाळणा हलला तर तोवर ती मुदत संपलेली बरी.

पैसे भरण्याआधी सरकारी योजनांतून काय मिळतं ते बघून घ्या. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे, यादीतले उपचार मिळतात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना ऑक्टोबर २०२४ पासून मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. ईसीएचएसच्या कार्डावर न बसलेल्या पेन्शनर वडिलांसाठी हे वरदानच आहे. मात्र जे स्वतः ईसीएचएसचे सदस्य आहेत त्यांना दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. त्यांनी ईसीएचएस सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पॉलिसी निवडायची कशी? एजंट आधी हप्ता सांगतो. तुम्ही आधी दवाखाना विचारा. आपल्या पट्ट्यात मोठं आजारपण आलं की माणूस कुठे जातो? सिंधुदुर्गातला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नाहीतर कोल्हापूरला, बेळगावला. रत्नागिरीचा कोल्हापूर किंवा मुंबई गाठतो. कंपनीच्या कॅशलेस यादीत, म्हणजे जिथे बिल कंपनी परस्पर भरते त्या यादीत, यातली कुठली रुग्णालयं आहेत, ते नावानिशी तपासा. यादीबाहेरही कॅशलेस मिळू शकतं. जानेवारी २०२४ पासून तशी सोय झाली आहे. ठरवून करायच्या उपचारासाठी ४८ तास आधी आणि अचानक भरती झाल्यास ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. पण त्याला रुग्णालयाचीही तयारी लागते, म्हणून भिस्त यादीवरच ठेवा.

काही कंपन्या देशाचे विभाग पाडतात. कुडाळच्या पत्त्यावर हप्ता स्वस्त पडतो, मुंबईच्या पत्त्यावर महाग. स्वस्त विभागातली पॉलिसी घेऊन मुंबईत उपचार घेतले, तर अशा काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक हिस्सा तुम्हाला भरावा लागतो. किनाऱ्यावरच्या माणसाला कॅन्सरसाठी, हृदयासाठी मुंबई चुकत नाही. ही अट आहे का, असेल तर किती टक्के, हे लेखी विचारा. बदलीवर असलेल्या कुटुंबांनी पत्ता बदलला की कंपनीला कळवायचं विसरू नये.

खोलीभाड्याचं कलम तर दोनदा वाचा. समजा ५ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीची मर्यादा दिवसाला ५ हजार. तुम्ही १० हजारांची खोली घेतलीत. तुम्हाला वाटतं की वरचे ५ हजार आपण भरू. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, नर्सिंग, हे सगळंच त्या प्रमाणात, म्हणजे निम्मं कापलं जातं. औषधं आणि शरीरात बसवलेली उपकरणं यातून सुटतात. फौजी रुग्णालयात बिल हातात पडत नाही, त्यामुळे हा हिशोब आपल्या लोकांना नवा असतो. शक्य असेल तर खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या, हप्ता थोडा जास्त पडला तरी. खिसा अगदीच आवळलेला असेल तर आरोग्य संजीवनी आहे. ती २०२० पासून सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळते. त्यात ५ टक्के बिल आपल्याला भरावं लागतं, खोलीला मर्यादा आहे, अ‍ॅम्ब्युलन्सचे फक्त २ हजार मिळतात. दोडामार्गहून मुंबईला रुग्ण नेताना २ हजार कुठे पुरणार? पण काहीच नसण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

आईवडिलांना तरुण जोडप्याच्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीत घालू नका. हप्ता सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. त्यांची पॉलिसी वेगळी काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण माफ झाला आहे, त्याचा ज्येष्ठांच्या मोठ्या हप्त्यांत चांगलाच फरक पडतो. हप्ते सांगणारा अजून जीएसटी लावत असेल तर त्याला थांबवा. आणि पावसाच्या तोंडावर घाई करण्यापेक्षा एप्रिल-मेमध्येच कागद पूर्ण करा. लेप्टो आणि डेंग्यू पहिल्या ३० दिवसांच्या अटीसाठी थांबत नाहीत.

पॉलिसीचा अर्ज, म्हणजे प्रपोजल फॉर्म, स्वतः भरा, स्वतः वाचा. बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, सेवेत असताना मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली आला असेल तर तेही, सगळं लिहा. 'हे लिहू नका, हप्ता वाढेल' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. क्लेमच्या वेळी तो शेजारी नसतो. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की माहिती दडवली या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारू शकते. पण पहिल्या पाच वर्षांत एक लपवलेली बीपीची गोळी सगळं बुडवू शकते. पॉलिसीचे कागद हातात आले की ३० दिवसांत परत करता येते, तेवढ्या दिवसांत ती शांतपणे वाचा.

आणि क्लेम नाकारलाच, तर गप्प बसू नका. नकाराचं कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची सुनावणी ते करतात. फी नाही, वकील लागत नाही. डिस्चार्ज कार्ड, बिलं, कंपनीची पत्रं आणि पॉलिसी एवढे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा.

नमस्कार.