हॅम रेडिओत "हा खरा, तो खोटा" असं काही नसतं भिया

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओ म्हणजे लायसन्स घेऊन, छंद म्हणून स्वतःच्या सेटवरून जगभरच्या लोकांशी संपर्क करणं, आणि त्यात कुठली पद्धत खरी यावरून सारखी भांडणं. मागून जो कलकलाट येतोय तो इंदूरच्या ट्रॅफिकचा, गच्चीवरूनच शूट करतोय आज कारण अँटेना इथे आहे. ही बघा तार, दोन्हीकडे 10-10 मीटर, 40 मीटर बँडचा (म्हणजे साधारण 40 मीटर तरंगलांबीचा) साधा डायपोल, मध्ये जोडलेल्या दोन तारांची अँटेना. आणि मधल्या जॉइंटला हा जो एम-सीलचा गोळा थापलाय ना, ते संक्रांतीचं काम, पोरांचा पतंग अडकला आणि त्यांनी असा काही हिसका दिला की सोल्डरच निघालं.

तर विषय असा की आमच्या रामबागेतल्या काकांचं आणि माझं या हॉबीवरून कायम वाजतं. काका मोर्सवाले, म्हणजे टिंब-रेघांच्या कोडमध्ये बोलणारे. पितळी पॅडल, अंगठ्याने डिट (टिंब), बोटाने डा (रेघ), समोरच्याचं ऐकता ऐकता चहात साखर ढवळतात आणि कागदावर एक अक्षर लिहीत नाहीत, सगळं डोक्यात! मी लावतो एफटी 8. त्यात बोलायचं नाही, मोर्सची की (बटण) दाबायची नाही, कॉम्प्युटर 15-15 सेकंदांच्या पाळीने छोटे मेसेज पाठवतो, मोकळं लिहायचं म्हटलं तर फक्त 13 अक्षरं. काका म्हणतात, "अरे, दोन कॉम्प्युटर बोलतायत, तू त्यात कुठेयस?"

एकदम चूक नाही हां त्यांचं. पण एकदा अख्खी संध्याकाळ मला एकही स्टेशन डीकोड होईना, अँटेना उतरवली, केबल बदलली, शेवटी कळलं लॅपटॉपचं घड्याळ 3 सेकंद मागे होतं. एफटी 8 मध्ये वेळ एवढी चुकली की सगळं पाण्यात. तेव्हा माणूस लागतोच, निदान घड्याळ बघायला तरी. बाकी ही पद्धत 2017 ची, आणि ती बनवणाऱ्या दोघांपैकी एक जो टेलर, म्हणजे 1993 चं फिजिक्सचं नोबेल मिळालेला माणूस, त्यामुळे पोरखेळ म्हणताना जरा जपून.

आणि तिसरेच काही लोक असतात ज्यांना बोलण्यात रसच नाही, फक्त बनवायचंय. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी बिटएक्स नावाचा सेट डिझाइन केला, त्यात कॉइल गुंडाळायला काय वापरलं माहितेय? नळाचा वायसर. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो! म्हणजे इंपोर्टेड पार्ट मिळत नाही म्हणून रडत बसायची सोयच ठेवली नाही.

आमच्या बिल्डिंगच्या पोरांना मात्र यातलं काहीच नको, त्यांना अंतराळ स्टेशन. अधूनमधून त्यावरून 145.800 मेगाहर्ट्झवर आवाजाच्या रूपात चित्रं पाठवतात, हातातला छोटा सेट ऐकायला पुरतो, वरून जायला जेमतेम 10 मिनिटं, आणि त्या चिरचिर आवाजासमोर मोबाइल धरला की ॲपमध्ये चित्र वरून खाली एकेक ओळ उमटत येतं. एका चित्राला साधारण 2 मिनिटं. खालून कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला तर मधल्या ओळी खराब, मग पोरं कठड्यावरून ओरडतात ते वेगळंच.

आता एक गोष्ट सीरियसली. डीएक्सवाल्यांना, म्हणजे लांबलांबची ठिकाणं गोळा करत बसणाऱ्यांना, आपल्यातलेच लोक हसतात, की काय स्टॅम्प जमवतोयस का. डिसेंबर 2004 मध्ये हॅम भारती प्रसाद यांची टीम त्यासाठीच अंदमानला गेली होती, जगभरच्या हॅमना अंदमानचा कॉन्टॅक्ट मिळावा एवढाच हेतू. 26 तारखेला त्सुनामी आली, फोन बंद, आणि त्याच अँटेना, त्याच रेडिओ सेटवरून लोकांच्या खुशालीचे निरोप मेनलँडला पोचले. छंद "बिनकामाचा" होता म्हणूनच सामान तिथे होतं, याचा विचार करा.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी आधी एएसओसीची (हॅम ऑपरेटरच्या सर्टिफिकेटची) परीक्षा द्या, रिस्ट्रिक्टेड किंवा जनरल ग्रेड, वय 12 पूर्ण पाहिजे. लायसन्सशिवाय ट्रान्समिट करायचं नाही, मी फुकट एवढा शहाणपणा सांगतोय तर ऐका.

काकांचं राहिलंच. मी एफटी 8 वर दोन-चार मिनिटं हाक मारली की आपला सिग्नल कुठेकुठे ऐकू गेला ते नेटवरच्या नकाशावर ठिपक्यांत दिसतं, हे त्यांना एकदा दाखवलं. "हा काही रेडिओ नाही" हे अजून म्हणतातच. पण हल्ली अंधार पडला की त्यांचा फोन येतो, "काय रे, नकाशात युरोप दिसतोय का? दिसत असेल तर मी माझी मोर्सची की काढतो."

चला, 73 (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).